साउथ अमेरिका क्रूझ: प्रत्येक बंदरावर उतरून काय बघायचं आणि ते कसं जमवायचं

साउथ अमेरिकेची क्रूझ बुक केलीय म्हटलं की लोक आधी विचारतात केबिन कुठली घेतली, बाल्कनी आहे का, व्हेज मिळतं का. विचारू देत, पण एवढे पैसे घालून इतक्या लांब जायचं ते बंदरावर उतरायला, आणि नेमकं तिथलंच प्लॅनिंग बहुतेकजण जहाजावर चढल्यावर करायला बसतात. तोपर्यंत चांगल्या टूर संपलेल्या असतात नाहीतर दुप्पट भावात उरलेल्या असतात.

इथे मी नेहमीचा रूट धरलाय. ब्युनोस आयर्सहून सुटायचं, मॉन्टेव्हिडिओ, पुएर्तो माद्रिन, फॉकलंडमधलं स्टॅनली, खंडाच्या दक्षिण टोकाला केप हॉर्नला वळसा, उशुआइया, पुंता अरेनास, चिलीचे फ्योर्ड (डोंगरांमध्ये शिरलेल्या अरुंद खाड्या), पुएर्तो मॉन्त आणि शेवटी सान्तियागोजवळचं सान अँतोनियो. काही जहाजं हेच उलट करतात. सीझन साधारण नोव्हेंबर ते मार्च, म्हणजे आपल्याकडे थंडी तेव्हा तिकडे उन्हाळा. (उन्हाळा म्हणजे ब्युनोस आयर्समध्ये घाम आणि उशुआइयात कानटोपी, दोन्ही एकाच बॅगेत.)

आधी एक हिशोब शिकून घ्या

जहाज सकाळी आठला लागलं आणि संध्याकाळी पाचला सुटणार असं लिहिलं असेल तर तुमच्या हातात नऊ तास नसतात. लागल्यावर क्लिअरन्स मिळून माणसं उतरायला लागेपर्यंत वेळ जातो आणि परत चढायची शेवटची वेळ, म्हणजे ऑल अबोर्ड, सुटण्याच्या अर्धा ते एक तास आधी असते. टेंडर पोर्ट असेल, म्हणजे जहाज लांब समुद्रात नांगर टाकून छोट्या बोटींनी माणसं नेणार असेल, तर अजून तास-दीड तास धरा. खरे हातात राहतात सहा-सात तास.

आता प्रत्येक बंदराला एकच प्रश्न विचारायचा: जे बघायचंय ते धक्क्यापासून किती लांब आहे? चालत किंवा टॅक्सीने अर्ध्या तासात असेल तर स्वतः फिरा, टूरला पैसे घालवू नका. एका बाजूला तासाभराच्या आत असेल तर चार-सहा जण मिळून खासगी व्हॅन करा, माणशी खर्च जहाजाच्या टूरपेक्षा बराच कमी पडतो. आणि एका बाजूला दोन तासांच्या वर असेल तर गुपचूप जहाजाचीच टूर घ्या, कारण जहाजाची बस उशिरा आली तर जहाज थांबतं, तुमची खासगी व्हॅन पंक्चर झाली तर जहाज टाटा करून निघून जातं आणि पुढचं बंदर गाठायचा खर्च तुमचा. पॅटागोनियात, म्हणजे खंडाच्या दक्षिण टोकाकडच्या भागात, पुढचं बंदर म्हणजे कधीकधी दुसरा देश असतो, आणि तिथे विमान रोज असेलच असं नाही.

खाली सगळं याच हिशोबाने लिहिलंय.

निघायच्या आधी घरून करायची कामं

व्हिसा. यात लोक अडकतात ते एका गोष्टीत, एंट्री मोजत नाहीत. ब्युनोस आयर्सला उतरलात ही अर्जेंटिनाची पहिली एंट्री, मग उरुग्वेला गेलात, परत पुएर्तो माद्रिनला आलात ही दुसरी, मग फॉकलंड, परत उशुआइया ही तिसरी. म्हणून सिंगल एंट्री व्हिसा चालणार नाही, मल्टिपलच लागतो. अमेरिकेचा व्हॅलिड व्हिसा असलेल्या भारतीयांना यातल्या काही देशांत सवलती आहेत पण नियम बदलत राहतात, त्यामुळे प्रत्येक देशाच्या वकिलातीची साइट स्वतः बघा (अर्जेंटिनाची कॉन्सुलेट मुंबईतच आहे) आणि क्रूझ कंपनीकडून पासपोर्टनुसार व्हिसाची यादी ईमेलवर मागून घ्या. ट्रॅव्हल एजंटने फोनवर "होऊन जाईल" म्हटलं याला काही अर्थ नाही. एखाद्या बंदरात उतरणारच नाही असं ठरवलं तरी त्या देशाचा व्हिसा नसेल तर जहाजावर चढूच देत नाहीत असंही होऊ शकतं.

यलो फीव्हरची लस. ही तिकडे जाण्यापेक्षा परत येण्यासाठी जास्त महत्त्वाची आहे. अर्जेंटिना आणि ब्राझील दोन्ही देश भारताच्या यलो फीव्हर यादीत आहेत, तिथून निघून सहा दिवसांच्या आत भारतात उतरलात आणि पिवळं कार्ड नसेल तर क्वारंटाइन करू शकतात. लस घेतल्यावर दहा दिवसांनी सर्टिफिकेट लागू होतं आणि मग आयुष्यभर चालतं. मुंबईत पोर्ट हेल्थ आणि एअरपोर्ट हेल्थ ऑफिसात मिळते, गोव्यात मुरगाव पोर्टच्या हेल्थ ऑफिसात. अपॉइंटमेंट लवकर घ्या, आणि साठीच्या पुढच्यांनी आधी आपल्या डॉक्टरांशी बोला, कारण या वयात ही लस सरसकट देत नाहीत, विचार करून देतात.

विमान. मुंबईहून थेट काही नाही. अदिस अबाबा, दोहा, दुबई किंवा इस्तंबूलमार्गे जावं लागतं, आणि बरीच विमानं मध्ये ब्राझीलला टेकतात, तेव्हा तिथल्या ट्रान्झिटचा नियम विचारून ठेवा. क्रूझच्या आधी किमान दोन रात्री ब्युनोस आयर्सला पोचाच. बॅग मागे राहिली तर ती एका दिवसात येऊ शकते, पण जहाज सुटल्यावर ती तुमच्या मागे केप हॉर्नला येणार नाही.

केबिनची बाजू. ब्युनोस आयर्स ते चिली जाणार असाल तर उजवी बाजू, म्हणजे स्टारबोर्ड घ्या. नकाशा काढून बघा, जहाज खंडाला घड्याळाच्या काट्यासारखं वळसा घालतं, जमीन कायम उजव्या हाताला. उलट्या रूटला डावी.

पैसे. अर्जेंटिना, उरुग्वे, चिली तिघांचेही पेसो वेगळे, आणि तिन्ही देशांत पेसोला डॉलरचंच चिन्ह लिहितात. मेनूकार्डावर डॉलरच्या चिन्हापुढे पाच आकडी किंमत बघून आमच्या टेबलावरच्या एक काकू उठून उभ्याच राहिल्या होत्या. अमेरिकन डॉलरच्या नव्या, न दुमडलेल्या, न लिहिलेल्या नोटा न्या, मळकी किंवा पेनची रेघ असलेली नोट तिकडे घेत नाहीत. कार्ड शहरांत सगळीकडे चालतं.

घड्याळ. डिसेंबर-जानेवारीत अर्जेंटिना, उरुग्वे, फॉकलंड, चिली सगळीकडे एकच वेळ असते, भारताच्या साडेआठ तास मागे. तरीसुद्धा कायम जहाजाची वेळ पाळायची. फोन नेटवर्क बदललं की स्वतःच टाइम झोन बदलायला जातो, तो ऑटो सेटिंग बंद करा, नाहीतर हातात साधं घड्याळ घाला.

खाण्याचं. बंदरावर उतरताना जहाजावरचं फळ, सँडविच, उकडलेलं अंडं काही खिशात घालू नका. चिलीत तर फारच कडक आहे, तिथल्या कृषी खात्याची माणसं कुत्री घेऊन उभी असतात, फॉर्म भरावा लागतो. घरून नेलेले तिळाचे लाडू, सुकामेवा, मध, अख्खे मसाले जे काही असेल ते फॉर्मवर लिहून टाका. लिहिलं तर फार तर काढून घेतील, लपवलं तर दंड आहे.

शाकाहारी लोकांनी एवढं पाठ करा: सिन कार्ने, सिन पोयो, सिन हामोन, सिन पेस्कादो. म्हणजे बीफ नको, चिकन नको, हॅम नको, मासे नको. नुसतं "सिन कार्ने" म्हणून गप्प बसलात तर प्लेटमध्ये चिकन किंवा हॅम येणार, त्यांच्या हिशोबाने ते कार्नेमध्ये धरतच नाहीत.

ब्युनोस आयर्स: दोन दिवस, स्वतः

इथे टूरची अजिबात गरज नाही. क्रूझ टर्मिनल रेतिरो भागात आहे, बंदराच्या आत चालायला देत नाहीत, जहाज ते टर्मिनल शटल बस असते. टर्मिनलबाहेरून टॅक्सी किंवा अ‍ॅपची कार घ्या, रेतिरो स्टेशनच्या आसपास सामान घेऊन चालत फिरू नका.

पहिला दिवस मध्य शहर. प्लासा दे मायो चौकापासून सुरुवात करा, समोर गुलाबी रंगाचा राष्ट्राध्यक्षांचा वाडा कासा रोसादा, बाजूला कॅथेड्रल, त्यात अर्जेंटिनाचा मुक्तिदाता सान मार्तिनची समाधी. तिथून आव्हेनिदा दे मायोवरून सरळ चालत निघा, वाटेत १८५८ पासूनचं कॅफे तोर्तोनी लागतं, बाहेर रांग असेल तर सोडून द्या, आतली कॉफी इतर ठिकाणासारखीच आहे. पुढे नऊ जुलै नावाचा अवाढव्य रस्ता आणि १९३६ चा ओबेलिस्क नावाचा उंच स्तंभ, जवळच १९०८ साली उघडलेलं तेआत्रो कोलोन हे ऑपेराचं नाट्यगृह. त्याची गाइडेड टूर मात्र जरूर करा, ऑनलाइन तिकीट काढून. पाय दुखले तर जमिनीखालची ए लाइन पकडा, १९१३ साली सुरू झालेली आणि लॅटिन अमेरिकेतली सगळ्यात जुनी मेट्रो.

दुसऱ्या दिवशी रेकोलेता. तिथल्या स्मशानभूमीत लोक एविता पेरोनची, म्हणजे राष्ट्राध्यक्ष पेरोनच्या लोकप्रिय बायकोची, कबर शोधत फिरतात, पाटी दुआर्ते कुटुंबाची आहे, गर्दी दिसेल तिकडे जा म्हणजे सापडते. परदेशी लोकांना तिकीट आहे. तिथून सांता फे रस्त्यावर एल आतेनेओ ग्रँड स्प्लेंडिड हे पुस्तकांचं दुकान बघा, १९१९ सालचं नाट्यगृह जसंच्या तसं ठेवून त्यात पुस्तकं लावलीत, बाल्कन्यांमध्ये शेल्फ आणि रंगमंचावर कॅफे. फुकट आहे आणि मला विचाराल तर या शहरातली सगळ्यात भारी जागा हीच.

ला बोका भागातला कामिनितो, रंगीत पत्र्यांची घरं, फोटोसाठी ठीक. पण टॅक्सीने जा, टॅक्सीने या, त्या दोन-तीन रंगीत गल्ल्यांबाहेर कॅमेरा गळ्यात घालून जाऊ नका, आणि अंधाराच्या आत निघा. रविवार असेल तर सान तेल्मोचा बाजार. अजून एक, रस्त्यात अचानक कपड्यांवर काहीतरी घाण पडली आणि कुणी प्रेमळ माणूस पुसायला धावला तर थांबू नका, चालत राहा. एक पुसतो आणि दुसरा पाकीट मारतो, जुना धंदा आहे.

अर्धा दिवस जास्तीचा असेल तर एक आडवाट सांगतो. १९२४ साली रवींद्रनाथ टागोर पेरूला जाता जाता इथे आजारी पडले आणि व्हिक्टोरिया ओकाम्पो या लेखिकेने त्यांना सान इसिद्रो या उपनगरात मिरालरिओ नावाच्या घरात ठेवून घेतलं होतं. ओकाम्पोंचं स्वतःचं घर, व्हिया ओकाम्पो, तिथे जवळच आहे आणि बघायला मिळतं, फक्त ठरावीक दिवशीच उघडं असतं ते आधी बघा. रेतिरोहून लोकल ट्रेनने जाता येतं.

व्हेजवाल्यांनी मक्याचा किंवा चीज-कांद्याचा एम्पानादा (तिखटमिठाची करंजीच), कांद्याची फुगासेता पिझ्झा आणि त्याबरोबर फाइना मागवावा. फाइना म्हणजे चण्याच्या पिठाचं जाड धिरडंच, तेल-मीठ घालून भट्टीत भाजलेलं, आणि खाताना पिझ्झाच्या वर ठेवून खातात. हिरवी चटणी खिशात असेल तर बघायलाच नको.

मॉन्टेव्हिडिओ: गेटबाहेर पडा आणि चाला

सगळ्यात सोपं बंदर. गेटातून बाहेर आलात की रस्त्यापलीकडे १८६८ चं मेर्कादो देल पुएर्तो, लोखंडी छताखाली निखाऱ्यांवर मांस भाजतात, धूर आणि वास दोन्ही जबरदस्त. व्हेजवाल्यांना तिथे भाजलेलं प्रोव्होलोन चीज मिळतं. बंदराच्या गेटजवळच ग्राफ श्पे या जर्मन युद्धनौकेचा नांगर ठेवलाय, डिसेंबर १९३९ मध्ये तिच्या कॅप्टनने ती इथेच नदीच्या मुखात स्वतः बुडवली. बहुतेक लोक त्याच्या बाजूने मान वर न करता जातात.

मग सारांदी या पादचारी रस्त्याने सरळ प्लासा इंदिपेन्देन्सियापर्यंत. मध्ये घोड्यावर उरुग्वेचा राष्ट्रपुरुष आर्तिगास, खाली त्याची समाधी, आत उतरून बघा. कोपऱ्यात पालासिओ साल्व्हो ही जुनी उंच इमारत. बाजूला १८५६ चं तेआत्रो सोलिस. हे सगळं रमतगमत तीन तासांत होतं. उरलेल्या वेळात रांब्ला, म्हणजे वीसेक किलोमीटरचा समुद्राकाठचा (खरं म्हणजे नदीकाठचा) रस्ता, तिथे कठड्यावर बसा आणि माणसं बघा, प्रत्येकाच्या बगलेत थर्मास आणि हातात 'माते', म्हणजे तिकडचा पानांचा कडू चहा. जहाज रविवारी लागत असेल तर जुनं शहर ओस पडलेलं असतं, तेव्हा त्रिस्तान नार्वाहा रस्त्यावरच्या बाजाराला टॅक्सीने जा.

पुएर्तो माद्रिन: इथे पैसे खर्च करा

गाव छोटं, किनारा लांब, गावात बघायला फार नाही. पण इथूनच पुंता तोम्बो, मॅजेलन पेंग्विनची प्रचंड मोठी वसाहत, सुमारे १८० किलोमीटर, म्हणजे एका बाजूला अडीच तास. आपला हिशोब काय सांगतो? जहाजाची टूर. महाग वाटेल, घ्या.

तिथे गेल्यावर पेंग्विन शोधावे लागत नाहीत, चुकवावे लागतात. झुडपाखाली बिळं, बिळात पिल्लं, आणि मोठे पेंग्विन समुद्राकडून चालत येऊन तुमच्याच वाटेवरून रस्ता ओलांडतात. नियम असा की रस्ता त्यांचा, ते आले की आपण थांबायचं, दोन मीटर लांब राहायचं. एखादा समोर येऊन उभा राहतो आणि मान डावीकडे-उजवीकडे तिरकी करत आधी एका डोळ्याने मग दुसऱ्या डोळ्याने तुम्हाला बघतो, घाईत असलेला माणूस सुद्धा तिथे थांबतो. सप्टेंबर ते एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत ते असतात, जानेवारीत पिल्लं मोठी होऊन पिसं बदलताना दिसतात. वारा आणि धूळ खूप, टोपी बांधायची दोरीवाली हवी.

दुसरा पर्याय पेनिन्सुला वाल्देस, १९९९ पासून जागतिक वारसा, एलिफंट सील, सी लायन. पण व्हेल बघायला म्हणून जाणार असाल तर साधारण जून ते डिसेंबरची सुरुवात एवढाच काळ, फेब्रुवारीत जाऊन व्हेल कुठेयत विचारू नका. आणि फेरी फार लांबलचक, बसमध्येच दिवस जातो. लांब जायचंच नसेल तर पुंता लोमा, सी लायनची जागा, गावापासून पंधरा-सतरा किलोमीटर, टॅक्सीने होते.

ज्यांना प्राण्यांचं वेड नाही त्यांच्यासाठी गायमान गाव. १८६५ साली मिमोसा जहाजातून वेल्सहून माणसं इथे आली, त्यांचे वंशज अजून वेल्श चहा आणि केक खाऊ घालतात. ब्रिटनची राजकन्या डायना १९९५ साली इथे चहाला येऊन गेली, ते गावात अजून सांगतात. वाटेत त्रेलेऊला डायनॉसॉरचं म्युझियम आहे, नातवंडं बरोबर असतील तर ते.

स्टॅनली, फॉकलंड: उतरायला मिळालं तर

हे "तर" महत्त्वाचं. टेंडर पोर्ट आहे, वारा वाढला की कॅप्टन रद्द करतो आणि त्यात वाद घालण्यासारखं काही नसतं. त्यामुळे इथली खासगी टूर घेताना जहाज आलंच नाही तर पैसे परत मिळणार का, हे लेखी घ्या. आधीच्या समुद्रदिवशी टेंडरचे नंबर कुठे आणि किती वाजता देणार ते रिसेप्शनला विचारा, टूरवाले आधी सोडतात, स्वतः फिरणाऱ्यांनी नाश्ता लवकर उरकून नंबर घ्यावा.

किंग पेंग्विन बघायचे असतील तर व्हॉलंटियर पॉइंट. फोर बाय फोर गाडीने जायलाच दोन-अडीच तास, शेवटचा पट्टा रस्ता असा नाहीच, चिखल आणि गवत. पाठदुखीवाल्यांनी नाव काढू नका. गाड्या मोजक्याच, काही महिने आधी बुक होतात. जवळचं हवं असेल तर जिप्सी कोव्ह, धक्क्यापासून शटल मिळते, तिथे मॅजेलन पेंग्विन आणि पांढरी वाळू. पुंता तोम्बो करून आला असाल तर जिप्सी कोव्ह सोडून गावात फिरा. व्हेलच्या जबड्यांची कमान असलेलं कॅथेड्रल, १९८२ च्या ब्रिटन-अर्जेंटिना युद्धाचं स्मारक, पत्र्याच्या रंगीत छपरांची घरं आणि चक्क ब्रिटिश पब. युद्धातले भूसुरुंग काढून संपले ते २०२० साली, म्हणजे तोपर्यंत काही किनाऱ्यांवर माणसांना बंदी आणि पेंग्विनना मोकळं रान, त्यांचं वजन सुरुंगाला कमी पडायचं.

पाउंड किंवा डॉलर कॅश ठेवा. आणि परत अर्जेंटिनात गेल्यावर "फॉकलंड" म्हणू नका, माल्व्हिनास म्हणा. युद्धात त्यांची ६४९ माणसं गेली, ब्युनोस आयर्समध्ये प्लासा सान मार्तिनला त्यांची नावं कोरलेली आहेत, उशुआइयातही जागोजागी पाट्या दिसतील.

केप हॉर्नला उतरत नाहीत, जहाज जवळून जातं. सकाळी अलार्म लावून डेकवर जा, जेवढे कपडे आहेत तेवढे घालून.

उशुआइया: धक्का गावातच

जहाज अगदी गावाच्या पायाशी लागतं, पाच मिनिटांत मुख्य रस्ता सान मार्तिन. डिसेंबरमध्ये उजेड रात्री दहापर्यंत असतो, आणि काही जहाजं इथे उशिरापर्यंत थांबतात, वेळ बघा.

माझा क्रम असा. सकाळी तिएर्रा देल फ्वेगो नॅशनल पार्क, गावापासून बारा किलोमीटरच, चार जणांत टॅक्सी किंवा मिनीबस, पार्कचं तिकीट ऑनलाइन. लापाताइयाच्या खाडीशी रूता ३ हा हायवे संपतो, तिथली लाकडी पाटी सांगते ब्युनोस आयर्स ३०७९ किलोमीटर, अलास्का १७,८४८. तिथून पुढे लाकडी वाटेवर थोडं चाला, निम्मे लोक पाटीचा फोटो काढून बसमध्ये बसतात. "जगाच्या टोकाची ट्रेन" आहे ती गोंडस आहे पण हळू आणि महाग, वेळ खाते, लहान मुलं नसतील तर मी घेणार नाही.

दुपारी बीगल चॅनलची कॅटामरान, तिकिटं धक्क्याजवळच्या टपऱ्यांवर मिळतात, लेस एक्लेरर्सचं लाल-पांढरं दीपगृह आणि सी लायनचे खडक, अडीच-तीन तास. पण लक्षात घ्या, तुमचं मोठं जहाज याच चॅनलमधून जाणार असतं, म्हणून बजेट तंग असेल तर हे सोडून जुना तुरुंग बघा, आता म्युझियम आहे, एक विंग मुद्दाम दुरुस्त न करता ठेवलीय आणि तिथली थंडी हाडात जाते. मार्तियो बेटावर पेंग्विनमध्ये चालायची परवानगी एकाच कंपनीला आहे, ते हवं असेल तर महिने आधी बुकिंग.

संध्याकाळी जहाज पश्चिमेला निघालं की जेवायला जाऊ नका. हिमनद्यांची गल्ली लागते, हॉलंड, इटली, फ्रान्स, जर्मनी अशी देशांची नावं दिलेल्या हिमनद्या एकामागून एक, सगळ्या उजव्या हाताला. काही जहाजं इथून रात्री जातात, तुमच्याचं टाइमटेबल आधी विचारा.

पुंता अरेनास

बऱ्याचदा टेंडर. टेंडर गावातल्या धक्क्याला आली तर चौक पाच-दहा मिनिटांवर, मोठ्या धक्क्याला लागलं तर शटल. चौकात दर्यावर्दी मॅजेलनचा पुतळा, खाली बसलेल्या आदिवासी माणसाचा पाय हात लावून लावून चकचकीत झालाय, लावला की परत येता म्हणतात. सारा ब्राउनचा वाडा, मग टॅक्सीने स्मशानभूमी, गोल कापलेल्या सायप्रसच्या रांगा, आणि तिथून वर क्रूसच्या टेकडीवरून सामुद्रधुनी बघायची. १५२० साली मॅजेलन गेला तोच रस्ता. मॅग्डालेना बेटावरचे पेंग्विन छान आहेत पण बोटीत वेळ फार जातो आणि वाऱ्याने रद्द होतं, पुंता तोम्बो हुकलं असेल तरच. ऊन सौम्य वाटलं तरी सनस्क्रीन लावाच, ओझोनचा थर इथे पातळ असतो.

फ्योर्डचे दिवस डेकवर. दुर्बीण न्या.

पुएर्तो मॉन्त आणि सान अँतोनियो

पुएर्तो मॉन्त शहर स्वतः काही खास नाही, अँजेल्मोचा मासळी बाजार सोडला तर. खरी मजा पुएर्तो व्हारासला, वीसेक किलोमीटर, लोकल बसने अर्ध्या तासात. जर्मन लोकांनी वसवलेला भाग, लाकडी घरं, केक, आणि यांकिवे तळ्यापलीकडे २६५२ मीटरचा ओसोर्नो ज्वालामुखी. सकाळी डेकवरूनच आकाश बघा. मोकळं असेल तर व्हॅन करून पेत्रोवेच्या धबधब्यांपर्यंत जा, तिथून ज्वालामुखी आणि हिरवट-निळं पाणी एका फ्रेममध्ये येतं. ढग खाली उतरलेले असतील तर व्हारासमध्येच थांबून केक खा, पुढे जाऊन राखाडी भिंतच दिसणार.

सान अँतोनियोला क्रूझ संपते. लोक थेट सान्तियागो विमानतळाची बस धरतात, दीडेक तास, आणि मग तिथे आठ-दहा तास बसून राहतात. विमान रात्रीचं असेल तर सामानासकट वालपरायसो हे जुनं बंदराचं शहर फिरवून विमानतळावर सोडणारी व्हॅन आधीच ठरवा. सेर्रो अलेग्रे आणि कोन्सेप्सिओन या दोन टेकड्या, भिंतींवरची चित्रं, १८८३ पासूनची उतारावरची लिफ्ट, आणि कवी पाब्लो नेरुदाचं ला सेबास्तियाना घर. खालच्या सपाट भागात फोन हातात धरून फिरू नका आणि बॅगा गाडीत दिसतील अशा ठेवून ड्रायव्हरला चहाला पाठवू नका. गर्दी नको असेल तर नेरुदाचं दुसरं घर ईस्ला नेग्रा, सान अँतोनियोहून पाऊण तासाच्या आत, तिथेच समुद्राकडे तोंड करून त्याची समाधी आहे. दोन्ही घरं सोमवारी बंद.

शेवटच्या रात्री बॅगा केबिनबाहेर ठेवायच्या असतात, तेव्हा पासपोर्ट, औषधं, सकाळचे कपडे आणि यलो फीव्हरचं कार्ड हँडबॅगेत काढून ठेवा, आणि चिलीच्या कृषी खात्याचा फॉर्म भरायच्या आधी फळं जहाजावरच खाऊन संपवा.